पहिले दहा फूट

"नकाशातला तो 'खुन्या' तेवढा काढून टाका," बिल्डर म्हणाले आणि टेबलाभोवती बसलेले आम्ही चौघंही गप्प झालो.

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीचं ब्रोशर दुसऱ्या दिवशी छापायला जायचं होतं. शेवटच्या पानावर साइटवर कसं पोचायचं याचा छोटासा नकाशा होता आणि ओळखीची खूण म्हणून मजकूर लिहिणाऱ्या मुलानं त्यात खुन्या मुरलीधराचं देऊळ दाखवलं होतं. बिल्डरांचं म्हणणं, आपण घर विकतोय. गिऱ्हाईक न्यू जर्सीत बसून हे वाचणार. त्याच्या बायकोनं पहिला प्रश्न तोच विचारला तर? मी सांगून पाहिलं की देवाच्या स्थापनेच्या वेळी तिथे मारामारी होऊन रक्त सांडलं, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. अख्खी पेठ पिढ्यान् पिढ्या याच नावानं पत्ता सांगते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. "तेच म्हणतोय मॅडम. रक्त कशाला?" म्हणून ते संपलं. उपाशी विठोबा सुचवला, तर समोरच्या पानावर मॉड्युलर किचनचा फोटो होता. शेवटी नकाशात 'प्राचीन श्रीकृष्ण मंदिर' असं छापलं गेलं. पहिल्याच रविवारी साइट बघायला निघालेली दोन कुटुंबं पाऊण तास पेठेत फिरत होती, कारण प्राचीन श्रीकृष्ण मंदिर कुठे आहे हे रिक्षावाल्यापासून पानवाल्यापर्यंत एकालाही सांगता येईना.

नावं बदलायची हौस पुण्याला नवी नाही. बुधवार पेठ एके काळी मुहियाबाद होती आणि शुक्रवार पेठ विसापूर. पण ती सत्ताधाऱ्यांनी ठेवलेली नावं, तीही सत्ताधाऱ्यांनीच बदलली. डुल्या मारुती, पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा ही नावं लोकांनी ठेवलीत. त्यांना हात लावला की माणसं वाट चुकतात, हे मी त्या रविवारी शिकले.

मी आर्किटेक्ट. पंचवीस वर्षं बहुतेक काम पेठांतलंच केलं: जुना वाडा पाडून त्या जागी चार-पाच मजल्यांची इमारत. कामाचा अर्धा भाग ड्रॉइंगचा. उरलेला अर्धा कॉलेजात कुणी शिकवत नाही. ब्रोशरच्या बैठकीला बसायचं, एलेव्हेशनवरून, म्हणजे इमारतीच्या दर्शनी बाजूवरून, हुज्जत घालायची, गिऱ्हाइकासमोर 'आमच्या मॅडमनी डिझाइन केलंय' म्हटलं की मान हलवायची. बिल्डर लहान असला की आर्किटेक्टला विक्रीपासून लांब राहता येत नाही.

इमारतीचं नाव ठरवणं हा त्यातला सगळ्यात लांबणारा कार्यक्रम. मी एक बघून ठेवलंय. वाडा उभा असतो तेव्हा त्याला कुणी मुद्दाम वाडा म्हणत नाही. अमक्यांकडे, तमक्यांच्यात एवढंच म्हणतात. तो पाडला की 'वाडा' हा शब्द इमारतीच्या नावात येतो, पितळी अक्षरांत. नुसता वाडा कमी वाटला तर पुढे इंग्रजी विशेषण लागतं. बाणेर-बालेवाडीला याच बिल्डरांनी इटलीतल्या गावांची नावं दिलेली असतात. पेठेत आलं की त्यांना पेशवे आठवतात.

*

पेठेतला प्लॉट कसा असतो ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तोंड अरुंद आणि खोली भरपूर. पंचवीस-तीस फूट रस्त्याकडे आणि आत ऐंशी-नव्वद फूट. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांशी सामाईक भिंत. वाड्याला उजेड बाजूनं कधीच मिळत नव्हता. तो मिळायचा मधल्या चौकातून. रस्त्याकडे चिरेबंदी जोतं, त्यावर सागवानी सांगाडा, खाली विटा आणि वर पांढऱ्या मातीच्या भिंती, डोक्यावर कडीपाट. दिंडी दरवाजातून आत गेलं की चौक, चौकाभोवती ओसरी-पडवी. रस्त्यावरून घरात एकदम जाता येत नसे. आधी पायरी, मग ओटा, मग दिंडी, मग चौक. कोण कुठपर्यंत येणार हे त्या पायऱ्यांवरच ठरायचं. बोहारीण ओट्यापर्यंत, पोस्टमन दिंडीपर्यंत, शेजारीण थेट माजघरापर्यंत.

आता याच जागेवर नवी इमारत बसवायची. वाड्यात आठ-दहा भाडेकरू, महिना वीस-चाळीस रुपये भाड्याचे. त्यांना मालकीच्या सदनिका द्यायच्या, मालकाला त्याच्या द्यायच्या, आणि उरतील त्या विकून बिल्डरनं खर्च आणि नफा काढायचा. ठरावीक उंचीच्या वर गेलं की बाजूला जागा सोडावी लागते. मुळात तीस फूट असलेला प्लॉट त्यामुळे आणखी आक्रसतो आणि दोन इमारतींच्या मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी फट राहते. उजेड-वाऱ्यासाठीचा हा नियम. त्या फटीत ऊन येत नाही आणि माणूसही जात नाही. तिथे ड्रेनेजचे पाइप आणि उंदीर असतात. सलग भिंतींची जी गल्ली होती, तिचे दात पडल्यासारखं दिसतं. चौकाचं काय होतं? प्लॅनमध्ये तो सुरुवातीला असतो. मी दर वेळी काढते. प्रत्येक बैठकीत तो थोडा थोडा लहान होतो आणि शेवटी त्याचं डक्ट होतं. त्यात संडास-बाथरूमच्या खिडक्या उघडतात.

आणि तळमजला पार्किंगला जातो. नियमानं जेवढ्या गाड्यांची जागा दाखवायची तेवढी दाखवावी लागते, आणि खांबांवर उचललेला पार्किंगचा मजला एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर बांधायला मिळणाऱ्या क्षेत्रफळात, धरत नाहीत. मग तिथे दुसरं काही करायला कोण तयार होईल? कॉलम, रॅम्प, लिफ्ट, जिना, मीटरचं पॅनल, पाण्याची टाकी आणि उरलेल्या जागेत गाड्या. जोतं नाहीसं होतं, कारण गाडी चढायला जमीन रस्त्याच्या पातळीला लागते. जोतं गेलं की पायरी गेली आणि पायरीबरोबर ओटाही.

पण हे मला सुरुवातीची बारा-पंधरा वर्षं दिसलंच नाही. माझं लक्ष वर होतं, एलेव्हेशनकडे.

*

एलेव्हेशनचा काळ मी फार हौसेनं जगले. पेठेत इमारत करतोय तर ती पेठेतली दिसली पाहिजे असा माझा आग्रह असे, आणि बिल्डरांना तो आवडे कारण तो विकता येई. पहिल्या मजल्याला सज्जा, त्याला लाकडी दिसणारे कठडे, खिडक्यांवर महिरपी, दोन्ही कोपऱ्यांना सुरूचे खांब. खांब फायबरचे. आत पोकळ, टिचकी मारली की टप्प असा आवाज येतो. एकदा मला लाज वाटून मी म्हटलं, की निदान वाड्याचेच दोन खरे खांब लॉबीत लावू. तर वाड्याचं सागवान पाडकामवाल्यानं आधीच उचललेलं होतं. वाडा पाडायला घेतो तेव्हा त्याचा हिशेबच त्या लाकडावर असतो. बिल्डर म्हणाले, "मॅडम, खरं-खोटं काय घेऊन बसलात? आजचा लाल महाल तरी महापालिकेनं आपल्या डोळ्यांदेखत बांधलाय ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

थ्री-डी चित्रं करणारा मुलगा हा या धंद्यातला खरा नाटककार. त्याच्या चित्रात आमची बारा फुटांची गल्ली चाळीस फुटांची व्हायची. वायर एकही नाही. आकाश निळं, रस्ता ओला (ओल्या रस्त्यावर दिव्यांचं प्रतिबिंब चांगलं पडतं म्हणे), एक परदेशी गाडी आणि गोरी वाटावी अशी एक बाई कुत्र्याला घेऊन. सदाशिव पेठेत! मी एकदाच त्याला म्हटलं की निदान एक सायकल आणि एक पिशवी घेतलेला माणूस टाक. त्यानं टाकला. सेल्सवाल्यांनी काढला.

अशाच एका चित्राचं मोठं होर्डिंग आम्ही साइटच्या पत्र्यावर लावलं. दोन दिवसांनी शेजारच्या वाड्यातले काका ऑफिसात आले. वय ऐंशीच्या पुढे, हातात छत्री, बाहेर लख्ख ऊन. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि विचारलं, "आमचा वाडा केव्हा पाडताय?"

मी म्हटलं, "काका, तुमचा कशाला पाडू?"

"तुमच्या चित्रात तिथे झाडं आहेत."

मी चित्र इतक्या वेळा पाहिलं होतं, पण हे पाहिलं नव्हतं. इमारत उठून दिसावी म्हणून मुलानं डावीकडचा वाडा पुसून तिथे तीन उंच पामची झाडं लावली होती. मी माफी मागितली, बदलून घेते म्हटलं. होर्डिंग बदलायला पैसे पडतात. ते आठवडाभर बदललं गेलं नाही. आठव्या दिवशी काकांच्या दिंडी दरवाजावर पाटी लागली: 'शेजारच्या चित्रात न दिसणारा वाडा हाच. मालक हयात आहेत. झाडांची चौकशी करू नये.' त्या पाटीचे फोटो निघाले, पेठभर फिरले, आणि होर्डिंग एका रात्रीत उतरलं.

हसून सोडून द्यायची गोष्ट होती. पण मला ती लागली, कारण चूक त्या मुलाची नव्हती. माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर शेजारचा वाडा एका तुटक रेषेनं दाखवलेला असायचा; त्यानं ती रेषा तेवढी पुसली.

*

जुन्या वाड्यांवर गळा काढणाऱ्यांत मला बसायचं नाही. वाड्यातल्या भाडेकरूंशी बोलताना कुणी कडीपाटाचं कौतुक केलेलं मी ऐकलेलं नाही. बोलणं संडासावर येतं. आठ बिऱ्हाडांत दोन संडास, तेही चौकाच्या पलीकडे. पावसाळ्यात रात्री छत्री आणि बॅटरी घेऊन जायचं. एका आजींना मी प्लॅन दाखवत होते. हॉलचा आकार, खिडकी, गॅलरी, सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि बोट ठेवून विचारलं, "हा संडास आमचा एकट्यांचा ना?" हो म्हटल्यावर त्यांनी डोळे पुसले. पन्नास वर्षं त्या घरात काढलेल्या बाईचे ते डोळे होते. महिरपीवरून कुणाचे डोळे पुसलेले मी पाहिले नाहीत.

शनिवारवाड्याजवळचे दोन भाऊ एकदा आले होते. वाड्याची एक भिंत टेकूवर उभी. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनं संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनं करता येतं. यांचं घर शंभराच्या आत. दुरुस्ती करा, एवढंच मी सांगू शकले. धाकटा म्हणाला, "म्हणजे त्यांचा वाडा जपायला आमचा पडू द्यायचा." मूळ शनिवारवाडा १८२८ साली जळला, उरली तटबंदी आणि जोती, त्या जोत्यांसाठी हे दोघं अजून टेकू बदलतायत.

तर वाडे राहावेत की जावेत, हा माझा प्रश्न नव्हे. गेलेल्या वाड्याच्या जागी आपण काय ठेवतो, त्याबद्दल मला बोलायचंय.

त्याच आजींनी मला उत्तर दाखवलं, न बोलता. त्यांना चौथ्या मजल्यावर सदनिका मिळाली. स्वतःचा संडास, गॅलरी, लिफ्ट, खूश होत्या. ताबा दिल्यानंतर काही महिन्यांनी गळतीच्या तक्रारीसाठी मी संध्याकाळी गेले. आजी खाली पार्किंगमध्ये होत्या. दोन स्कूटरच्या मध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, मेथी निवडत. समोर गल्ली. एक गाडी आत आली की उठायचं, खुर्ची उचलायची, गाडी लागली की परत मांडायची. मी विचारलं, "वर गॅलरी आहे ना आजी?" त्या म्हणाल्या, "वरून नुसती डोकी दिसतात गं."

फायबरच्या ज्या सज्ज्यासाठी बक्षीस मिळावं अशी मी मनात आशा धरून होते, तो बरोबर त्यांच्या डोक्यावर होता.

त्या रात्री मला आमची नारायण पेठेतली इमारत आठवली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या आणि वाडे बसले. आमचाही बसला. त्या जागी नंतर जी इमारत उभी राहिली तीत मी वाढले: सरळ पेटीसारखी, सिमेंटचे छज्जे, लोखंडी गज, सामाईक गॅलरी. आर्किटेक्चरला गेल्यावर मला तिची लाज वाटायची. पण पुराच्या धास्तीनं आजोबांच्या पिढीनं तिचं जोतं अडीच फूट उचललं होतं आणि तेव्हा इमारतीत एकाकडेही मोटार नव्हती, म्हणून तळमजल्यावर माणसं होती. शिंपी, पिठाची गिरणी, मागे दोन बिऱ्हाडं. उचललेल्या जोत्याला पुढे पायऱ्या आणि कडेनं दोन फुटांची फरशी. दळण येईस्तोवर बायका त्या फरशीवर बसत. माझा अर्धा अभ्यास तिथे झाला. मला पेठ म्हणून जे आठवतं ते सगळं त्या फरशीवरचं आहे, आणि त्या इमारतीवर महिरप एकही नव्हती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या त्या ओबडधोबड इमारतींनी पेठ राखली आणि आम्ही वाड्याचा मुखवटा चढवलेल्या इमारतींनी ती घालवली. कारण रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला इमारत कळते ती पहिल्या दहा फुटांत. तिथे आम्ही स्कूटर लावल्या आणि नक्षी अकराव्या फुटापासून सुरू केली. पुढे अहमदाबादच्या जुन्या शहरातल्या पोळींत, म्हणजे तिथल्या गल्ल्यांच्या वस्त्यांत, फिरले तेव्हा प्रत्येक घरापुढचा ओटला बघत बसले. ते शहर २०१७ साली जागतिक वारसा यादीत गेलं, भारतातलं पहिलंच. कोरीव खांबांचे फोटो सगळे काढत होते. मी त्या ओटल्यांची उंची मोजत होते. बहुतेक दीड ते दोन फूट.

*

मग मी ओट्याच्या मागे लागले.

पहिल्यांदा जमलं ते एकतीस फूट तोंडाच्या प्लॉटवर. रॅम्प, प्रवेश आणि मीटरचं पॅनल जाऊन आठ फूट उरत होते. तिथे तीन दुचाकी बसत होत्या. मी वाड्याच्याच जोत्याचे काळे चिरे वापरून आठ फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच ओटा काढला, रस्त्याकडे तोंड करून. बिल्डर खर्चाला घाबरले नाहीत. चिरे फुकटचेच होते. घाबरला तो सेल्सचा प्रमुख. "मॅडम, बाहेरचे लोक बसतील."

"त्यासाठीच आहे."

"प्रीमियम गिऱ्हाईक आहे आपलं."

इथे गिऱ्हाइकाबद्दल थोडं. पेठेत घर कोण घेतं? लक्ष्मी रस्त्यावरचे दुकानदार, दवाखाना जवळ हवा असलेले डॉक्टर, कोर्टातले वकील, आणि कोथरूडला किंवा परदेशात गेलेली, पण आईवडिलांना त्यांच्या देवळाच्या टप्प्यात ठेवू पाहणारी मुलं. या सगळ्यांना पेठच हवी असते. ब्रोशरमध्ये आम्ही तीच विकतो: मंडई चालत, देऊळ चालत, नाटक चालत, गॅलरीतून गणपतीची मिरवणूक. (साइट व्हिजिट मात्र गणपतीत कधी ठेवत नाही. तेव्हा गाडी आत येत नाही आणि ढोलांमुळे बोललेलं ऐकू येत नाही.) म्हणजे किंमत लावायची ती गल्लीची, आणि गल्लीतलं माणूस दाराशी टेकलं तर प्रीमियम जातं! सेल्सच्या प्रमुखाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "तुमचं लॉजिक बरोबर आहे, पण बुकिंग मला आणायचंय."

ओटा झाला. ब्रोशरमध्ये त्याचा उल्लेख नव्हता. दीड-दोन वर्षांनी त्या गल्लीतून गेले तर ओट्यावर सहा कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवल्या होत्या, सगळ्यांत ते तलवारीसारख्या पानांचं, पाणी न मागणारं झाड. सोसायटीच्या सभेत ठराव झाला होता म्हणे. ठराव करणाऱ्यांत विकत घेणारे होते आणि जुने भाडेकरूही होते, हे मुद्दाम सांगते. स्वतःची मालकी झाली की ओटा 'आपला' होतो आणि मग त्यावर दुसरा बसलेला खुपतो.

दुसऱ्यांदा जमलं ते माझ्यामुळे नाही. शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून भाडेकरू होते. बारा भाडेकरूंच्या वतीनं करारनाम्याची प्रत्येक ओळ तेच वाचत. मी बैठकीत ओट्याची गोष्ट काढली, कुंड्यांचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही ड्रॉइंगमध्ये काढलात. ड्रॉइंग कोण वाचतं? कागदावर शब्दात आणा." आणि त्यांनी स्वतः मसुदा केला. रस्त्यालगत दगडी ओटा, लांबी नऊ फूट, उंची दीड फूट, वर सावली. त्यापुढे जाळी, कुंडी वा वाहन ठेवणार नाही. ही बाब सामाईक सोयीत धरली जाईल. मालक, बिल्डर, बारा भाडेकरू, सगळ्यांच्या सह्या. नोंदणी झालेला करार. पुढे नव्या घरमालकांच्या करारांतही तेच कलम आलं. त्या इमारतीलाही फायबरच्या महिरपी आहेत. मी हरकत घेतली नाही.

शब्दात आणण्याला पेठेत आणखी एक कारण आहे आणि ते फार जणांना माहीत नसतं. रेरा कायदा २०१६ चा. आपल्याकडे महारेराचं काम १ मे २०१७ ला सुरू झालं. त्यामुळे घर कार्पेट क्षेत्रफळावर विकावं लागतं, जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापावा लागतो, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. मंजूर प्लॅन घरबसल्या बघता येतो. पण ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरचा किंवा आठपर्यंत सदनिकांचा प्रकल्प या नोंदणीतून सुटतो. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. पेठेतले कितीतरी वाडे याहून लहान. तिथे ब्रोशरमध्ये काय दाखवलं, साइट ऑफिसात तोंडी काय कबूल केलं, हे नोंदणीच्या पानावर कुठे पाहायला मिळत नाही. आम्ही पामची झाडं दाखवली काय आणि सुरूचे खांब दाखवले काय. खाली बारीक अक्षरांत 'चित्र काल्पनिक' असं छापलं की आम्ही मोकळे.

कुणी म्हणेल, एका बाकड्यासाठी एवढा आटापिटा? म्हणू द्या. पेठेतला रस्ता रुंद करणं माझ्या हातात नाही, पार्किंगचे नियम माझ्या हातात नाहीत, साइड मार्जिनचा वाद वर्षानुवर्षं चालू आहे आणि चालू राहील. आठ-नऊ फूट दगड मात्र प्रत्येक प्लॉटवर बसतो. पंचवीस वर्षांत एकही प्लॉट मला असा मिळाला नाही जिथे तो बसलाच नसता. बसला नाही तिथे मी मागितला नव्हता.

शुक्रवार पेठेतल्या त्या ओट्यावर मी गेल्या महिन्यात बसले. शेजारी पेपर टाकणारा मुलगा उरलेले पेपर मोजत होता, पलीकडे एक कुरिअरवाला फोनवर पत्ता विचारत होता. खूण सांगताना पलीकडच्या बाईंनी देवळाचं नाव घेतलं असावं, कारण तो हसला आणि उठून बरोबर त्या दिशेनं गेला.

तुमचा वाडा पुनर्विकासाला जात असेल तर एलेव्हेशनवर बैठका घालवू नका. ते बिल्डर आपण होऊनच सजवतो, त्याला ते विकायचं असतं. करारनाम्याचा मसुदा हातात आला की सोयींच्या यादीत तीन गोष्टी शब्दात लिहून घ्या. ओट्याची लांबी, दीड फूट उंची, आणि पुढे जाळी, कुंडी, गाडी नाही. सही त्यानंतर करा.